त्या क्लिनिकने बाबांचा रिपोर्ट मागितला का, एवढं आधी दादाला विचार

या वेळचं पत्र बरंच लांब आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते. लिहिणारीने नाव नको म्हटलंय, पत्राखाली नुसतं 'धाकटी' असं लिहिलंय. तिच्या बाबांना, वय ६३, तीन महिन्यांपूर्वी पॅनक्रियाजचा, म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली आहे म्हणून ऑपरेशन आत्ता नको, आधी किमो करून बघू असं सर्जन म्हणाले. फोल्फिरिनॉक्स नावाच्या किमोच्या चार सायकल झाल्यात, बाबा थकलेत, वजन उतरलंय. अशात दादाला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला, जीन सायलेन्सिंगने पॅनक्रियाजचा कॅन्सर थांबतो, बारापैकी बारा पेशंटची गाठ वाढली नाही. त्याखाली परदेशातल्या एका क्लिनिकचा नंबर, सहा इंजेक्शनचा कोर्स, पैसे आधी भरायचे. दादाचं म्हणणं असं की पुढची किमो थांबवू, अंगात ताकद राहू दे, हेच घेऊ. बायोप्सीच्या रिपोर्टवर 'केआरएएस जी१२डी' असं काहीतरी आहे, ते व्हिडिओत पण होतं म्हणून दोघांना वाटलं की हे आपल्यासाठीच आहे. आणि शेवटच्या ओळीत, जणू काही बारीकसारीक गोष्ट असल्यासारखं, 'बाबांना कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही, गाठ वाळवायचं औषध चालू आहे एवढंच माहीत आहे.'

अगं धाकटे, सगळ्यात आधी, किमो थांबवू नका. पुढची तारीख चुकवू नका. बाकी सगळं खाली सविस्तर सांगते, पण दादा अर्ध्यातच वाचायचं सोडणार असेल तर त्याला ही एक ओळ दाखव.

मी डॉक्टर नाही हे या सदरातल्या जुन्या वाचकांना माहीत आहे. पण याच विषयात, म्हणजे आरएनए वापरून जीन गप्प करायच्या कामात, मी आठ वर्षं लॅबमध्ये काढलीत, त्यामुळे हे पत्र वाचल्यावर दुसऱ्या कुणाकडे ढकलावंसं वाटलं नाही.

व्हिडिओ खोटा आहे का? नाही गं, तीच तर पंचाईत आहे. सरळ थाप असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. जीन सायलेन्सिंग ही खरी गोष्ट आहे, तिला नोबेल मिळालंय, तिची औषधं पेशंट घेतायत. फक्त पॅनक्रियाजच्या कॅन्सरवर ती अजून औषध म्हणून उभी राहिलेली नाही, आणि का नाही हे कळलं की त्या क्लिनिकला काय विचारायचं ते तुझं तुलाच सुचेल.

हे असं बघ. डीएनए म्हणजे घरातली मूळ वही, ती कपाटाच्या बाहेर येत नाही. पेशीला एखादं प्रोटीन बनवायचं असलं की त्या पानाची झेरॉक्स निघते, त्या झेरॉक्सला मेसेंजर आरएनए म्हणतात, कोविडच्या लशीमुळे हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. झेरॉक्स बघून प्रोटीन बनतं. जीन सायलेन्सिंगमध्ये मूळ वहीला हात लावायचा नाही, फक्त त्या एका पानाच्या झेरॉक्सा निघतील तशा फाडत बसायचं. वही तशीच राहते, प्रोटीन बनायचं थांबतं किंवा कमी होतं. जीन एडिटिंग म्हणतात ते वेगळं, त्यात वहीतच खाडाखोड होते. लोक दोन्हींची सरमिसळ करतात, व्हिडिओवाल्याने पण केली असेल तर नवल नाही. आणि झेरॉक्स फाडायची म्हणजे काम एकदा करून संपत नाही, मशीन चालूच आहे, उद्या परत निघणार, म्हणून औषध परत परत द्यावं लागतं किंवा खूप दिवस टिकेल असं काहीतरी करावं लागतं.

हे सापडलं कसं त्याची एक गोष्ट मला फार आवडते, थोडं विषयांतर आहे पण सांगतेच. १९९० च्या सुमाराला काही शास्त्रज्ञ पेटुनियाची फुलं जास्त गडद जांभळी करायला गेले, रंगाच्या जीनची आणखी एक प्रत झाडात घातली, आणि फुलं आली पांढरी, काही नुसती ठिपक्याठिपक्यांची. जास्त दिलं तर सगळंच बंद पडलं! काही वर्षं कुणाला धड उलगडा झाला नाही. मग १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका अळीत दाखवून दिलं की दुपदरी आरएनए आत गेला की पेशी तशीच अक्षरं असलेली झेरॉक्स शोधून नष्ट करते. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, म्हणजे अवघ्या आठ वर्षांत, इतकं मोठं काम होतं ते. २००१ मध्ये थॉमस टुशल यांच्या ग्रुपने दाखवलं की सस्तन प्राण्यांच्या पेशीतही हे जमतं, फक्त तुकडा छोटा हवा, २१ अक्षरांचा. याच तुकड्याला एसआय-आरएनए म्हणतात. पेशीतलं एक प्रोटीन तो तुकडा हातात धरतं, वॉन्टेडचा फोटो घेऊन फिरावं तसं, आणि जुळणारी झेरॉक्स दिसली की कापतं, मग पुढची शोधतं. एक तुकडा कित्येक झेरॉक्सा कापतो.

पहिल्यांदा मी स्वतः हे केलं तेव्हा चमकणाऱ्या हिरव्या पेशी होत्या, डिशमध्ये, मायक्रोस्कोपखाली. एसआय-आरएनए टाकलं, दोन दिवसांनी बघितलं तर डिशमधला बहुतेक हिरवा रंग गेलेला, पेशी जिवंत, नुसत्या विझलेल्या. त्या दिवशी मला पण वाटलं होतं की आता कॅन्सर काय, सगळंच सुटणार. म्हणून दादाला हसू नकोस, मी पण त्याच खिडकीशी उभी राहून आलेय.

आता बाबांच्या रिपोर्टवरचं ते अक्षर. केआरएएस हा जीन म्हणजे पेशीच्या वाढीचं बटण. वाढायचं असेल तेव्हा चालू, काम झालं की बंद. पॅनक्रियाजच्या कॅन्सरमध्ये १० पैकी ९ पेशंटमध्ये हे बटण बिघडून चालूच्या बाजूला अडकलेलं असतं. जी१२डी म्हणजे त्या प्रोटीनच्या १२ व्या जागी ग्लायसिनच्या ऐवजी अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड आलंय, आणि मूळ वहीत बघितलं तर बदल किती, तर एका अक्षराचा, जीजीटी होतं तिथे जीएटी झालं. एक अक्षर! हा प्रकार या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त दिसतो, साधारण ४० टक्के पेशंटमध्ये, मग जी१२व्ही, मग जी१२आर, असे भाऊबंद आहेत. कित्येक वर्षं केआरएएसवर औषध बनतच नाही असं समजलं जायचं, कारण ते प्रोटीन गुळगुळीत, औषधाला पकड घ्यायला खाच सापडेना. म्हणून लोकांच्या डोक्यात आलं की प्रोटीनला पकडता येत नाही तर ते बनूच देऊ नका, झेरॉक्सच फाडा. कल्पना म्हणून एकदम सणसणीत आहे, आणि खरं सांगायचं तर माझा अजूनही तिच्यावर जीव आहे.

तर घोडं अडलं कुठे, तर पोचवण्यात.

नुसता एसआय-आरएनए शिरेत सोडला तर रक्तातली एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात आणि उरलेलं किडनी गाळून लघवीतून बाहेर टाकते, सगळा खेळ काही मिनिटांचा. आरएनए किती नाजूक ते बाहेरच्या माणसाला पटत नाही. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिले दोन आठवडे एकच वाक्य ऐकायचं, ग्लोव्ह्ज बदल. कारण आपल्या बोटांवर पण आरएनए खाणारी एन्झाइम्स असतात, केसाला हात लावून नळीला लावला की महिन्याभराचं काम मातीत, आणि ते डोळ्याला दिसत पण नाही, नळीत पाणी होतं तसंच पाणी दिसतं. आता गंमत ऐक, म्हणजे गंमत नाही म्हणता येणार तुझ्या परिस्थितीत, पण आरएनए मुद्दाम नष्ट करायला लॅबमध्ये जे एन्झाइम वापरतात, आरएनेज ए, ते मुळात गाईगुरांच्या पॅनक्रियाजमधून काढलेलं. म्हणजे ज्या अवयवात आपल्याला हे औषध पोचवायचंय तो अवयवच आरएनए पचवायचा कारखाना आहे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला होता.

यावर उपाय आहेत. एसआय-आरएनएला रासायनिक कवच चढवतात, चरबीच्या बारीक बुडबुड्यात भरतात, किंवा साखरेचा एक रेणू जोडतात. या युक्त्यांमुळेच २०१८ मध्ये पहिलं औषध मंजूर झालं, पॅटिसिरान, एका आनुवंशिक आजारासाठी, त्यात लिव्हर एक घातक प्रोटीन बनवत असतं ते साधारण ८० टक्के कमी होतं. आता कोलेस्टेरॉलसाठी इन्क्लिसिरान आहे, सुरुवातीचे डोस झाले की वर्षातून दोनदा इंजेक्शन. पण बघ, ही मंजूर झालेली औषधं बहुतेक सगळी लिव्हरची आहेत. लिव्हरचं कामच रक्त गाळायचं, त्याच्या रक्तवाहिन्यांना बारीक भोकं असतात, बुडबुडे आपसूक तिथे जाऊन अडकतात, आणि तो साखरेचा रेणू ओळखून आत ओढून घेणारे हात लिव्हरच्या पेशींवर भरपूर असतात. पॅनक्रियाज शेजारीच, हाताच्या अंतरावर, पण तिथे जायला असा कुठला सरळ रस्ता नाही.

त्यात परत हा कॅन्सर. या गाठीत कॅन्सरच्या पेशी कमी आणि भोवतीचा दाट, चिवट, व्रणासारखा मालच जास्त, कधीकधी गाठीचा ८०-९० टक्के भाग तोच असतो. आतल्या रक्तवाहिन्या त्या दाबाने चेपलेल्या. साधी किमो आत शिरायला मारामार, तिथे हा बोजड रेणू कुठून शिरणार. आणि समजा पेशीच्या दारापर्यंत पोचला, आत पण घेतला, तरी तो आधी पेशीच्या एका पिशवीत अडकतो आणि बहुतेक तिथेच संपतो. चरबीच्या बुडबुड्यांवर हे मोजलं गेलंय, पिशवी फोडून खरोखर कामाच्या जागी पोचणारा माल १ ते २ टक्के. माझी आठ वर्षं या १-२ टक्क्यांपुढे डोकं आपटण्यात गेली असं म्हटलं तरी चालेल.

शिवाय लिव्हरच्या आजारात ८० टक्के प्रोटीन कमी झालं तर पेशंट सुधारतो. कॅन्सरमध्ये ८० टक्के पेशी गप्प झाल्या तर उरलेल्या २० टक्के परत वाढतात. आणि काही पेशी तर अशा चिवट निघाल्यात की लॅबमध्ये केआरएएस पूर्ण काढून टाकला तरी त्या दुसरा रस्ता शोधून जगल्या. त्यामुळे 'जीन बंद, कॅन्सर बंद' हे वाक्य म्हणायला सोपं आहे एवढंच.

आता ते बारापैकी बारा. हा आकडा कुठून आला ते मला बहुतेक माहीत आहे. इस्रायलमध्ये एक ट्रायल झाली होती, २०१५ मध्ये छापून आली. त्यांनी पोचवायच्या प्रश्नाला सरळ बगल दिली, म्हणजे रक्तातून पाठवायच्या भानगडीतच पडले नाहीत. विरघळणाऱ्या प्लास्टिकची एक बारीक कांडी, त्यात जी१२डीवर नेम धरलेला एसआय-आरएनए, आणि एंडोस्कोपी करतात तशी नळी पोटात घालून सुईने ती कांडी थेट गाठीत रोवली. मग ती काही महिने हळूहळू झिरपत राहते. काय सुंदर डोकं लावलंय! एकूण पेशंट १५, सगळे बाबांसारखेच, ऑपरेशन न होणारे पण इतरत्र न पसरलेले. त्यातल्या १२ जणांचे सीटी स्कॅन तपासता आले, १० जणांची गाठ आहे तेवढीच राहिली, दोघांची लहान झाली, वाढली कुणाचीच नाही. म्हणजे व्हिडिओतला आकडा खराच आहे.

पण व्हिडिओत काय नाही ते ऐक. त्या पेशंटना बहुतेकांना सोबत किमो पण चालू होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणजे नुसती किमो दिली असती तर काय झालं असतं हे त्यातून कळत नाही. ही ट्रायल मुळात औषध सुरक्षित आहे का ते बघायला होती. आणि त्या पेशंटचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या पुढे जगले ती रेघ, १५ महिन्यांची होती. 'गाठ वाढली नाही' म्हणजे 'बरा झाला' नव्हे. त्या गोष्टीला दहा वर्षं उलटून गेली, ती कांडी अजून मंजूर औषध झालेली नाही.

आणि आता हे शेजारी ठेव. बाबांना जी किमो चालू आहे, फोल्फिरिनॉक्स, तिच्यावर बाबांसारख्याच, म्हणजे न पसरलेल्या पण ऑपरेशन न होणाऱ्या ३१५ पेशंटची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये अभ्यास आला. त्यात तीच रेघ २४ महिन्यांवर होती, आणि साधारण चारातल्या एका पेशंटची गाठ पुढे ऑपरेशनने काढता आली. दोन वेगळ्या अभ्यासांचे आकडे असे शेजारी ठेवून स्पर्धा लावायची नसते, पेशंट वेगळे, निवड वेगळी, हे मला कळतं. पण दादा जे 'जुनाट किमो' म्हणून थांबवायला निघालाय तिच्यातच ऑपरेशनचा दरवाजा आहे, सर्जननी 'आत्ता नको' म्हटलंय ना, 'कधीच नाही' म्हटलेलं नाही. मध्येच थांबवली आणि गाठीने तेवढ्यात उचल खाल्ली तर तो दरवाजा लागतो.

आता क्लिनिक. दादाला फक्त एवढं विचार, की त्यांनी बाबांचा केआरएएसचा रिपोर्ट मागितला का? तुझ्या पत्रावरून वाटतंय की नाही मागितला, नुसता सीटी स्कॅनचा फोटो आणि पासपोर्टची कॉपी मागितली. अगं, जी१२डीवर नेम धरलेला तुकडा जी१२आरच्या पेशंटला कशाला उपयोगी? कुठला जीन, त्यातला कुठला बदल हे माहीत नसताना गप्प करणार कुणाला? हे म्हणजे पत्ता न विचारता कुरिअर पाठवल्यासारखं झालं. मग पुढचं विचारा: आत नक्की कुठला रेणू आहे, कशात भरून देणार, शिरेतून की गाठीत, गाठीत पोचतो हे कशावर तपासलं, ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर काय, ती कुठल्या फेजची. रजिस्टर झालेली ट्रायल कुणालाही नेटवर शोधता येते, फुकट. आणि प्रामाणिक ट्रायलमध्ये तपासणीखाली असलेल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, अ‍ॅडव्हान्स तर नाहीच नाही. याच्यावर 'हे आमचं सिक्रेट आहे' असं उत्तर आलं तर फोन ठेवा, वाद घालू नका, त्यांना बोलायची सवय असते आणि आपण दमलेले असतो.

मग आशा ठेवायचीच नाही का? ठेव, पण योग्य जागी. एक म्हणजे जी१२डीवरचं काम थांबलेलं नाही. २०१७ मध्ये रघु कल्लुरी यांच्या ग्रुपने पेशींनी स्वतःच सोडलेले बारीक बुडबुडे, एक्सोसोम म्हणतात त्यांना, त्यात एसआय-आरएनए भरून उंदरांमध्ये दिला, शरीर त्या बुडबुड्यांना परकं समजून लगेच गिळत नाही हा त्यातला फायदा, आणि उंदीर जास्त जगले. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये ते पुढे पेशंटवर पहिल्या फेजला गेलं. पहिली फेज म्हणजे सुरक्षित डोस शोधणं, हे विसरू नकोस. दुसरं म्हणजे ज्या प्रोटीनला खाच नाही म्हणायचे तिथे आता खाच सापडलीय. २०२१ मध्ये जी१२सी या भावंडावर पहिली गोळी मंजूर झाली, ती फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी, पॅनक्रियाजमध्ये जी१२सी जेमतेम १-२ टक्के लोकांत असतो. पण त्यापुढची डॅराक्सॉनरासिब नावाची गोळी, जी बिघडलेल्या रासच्या (केआरएएस ज्या कुटुंबातला ते) बऱ्याच प्रकारांना धरते, जी१२डी पण त्यात आला, ती पॅनक्रियाजच्या पेशंटवर तिसऱ्या फेजच्या मोठ्या ट्रायलपर्यंत पोचलेली आहे. अंगावर पुरळ, तोंड येणं असे त्रास होतात तिच्याने, जादू नाही. पण मला विचारशील तर केआरएएसच्या शर्यतीत गोळी सायलेन्सिंगच्या पुढे गेलीय, सायलेन्सिंगवर आठ वर्षं घालवलेल्या बाईने हे लिहायचं म्हणजे जिवावर येतं. डॉक्टरांना थेट विचारा, 'रास इनहिबिटरची, म्हणजे रासला अडवणाऱ्या औषधाची कुठली ट्रायल बाबांना लागू होते का, आत्ता किंवा किमोनंतर?' हा प्रश्न क्लिनिकच्या इंजेक्शनपेक्षा शंभरपट कामाचा आहे.

त्याच अपॉइंटमेंटला आणखी एक विचार, बीआरसीए या जीन्समध्ये आनुवंशिक दोष आहे का याची तपासणी झालीय का. रक्तातून होते. पॅनक्रियाजच्या प्रत्येक पेशंटची अशी आनुवंशिक तपासणी करावी असं आता मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे, पण धावपळीत राहून जाते. १०० पैकी ५-७ जणांत हा दोष सापडतो आणि सापडला तर औषधांची निवड बदलू शकते, ओलापॅरिब नावाची गोळी असते. आणि तो सापडला तर तू आणि दादा, दोघांनाही तपासून घ्यावं लागेल, मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी असते.

वजनाचं लिहिलंयस त्यावर. दादाला वाटतंय किमोने ताकद जातेय, थोडी जाते, पण या आजारात वजन उतरायचं एक साधं कारण असतं की पॅनक्रियाजची पाचक एन्झाइम्स आतड्यात पोचतच नाहीत, खाल्लेलं तसंच बाहेर जातं. शौचाला तेलकट, तरंगणारी, खूप वासाची होते का ते बाबांना विचार, लाजतील, तरी विचार. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. तुमच्याकडे आहेत बहुतेक, कारण तू 'रिकाम्या पोटी देतो त्या पचनाच्या गोळ्या' असं लिहिलंयस. तिथेच चुकतंय! त्या जेवणाबरोबर घ्यायच्या, पहिल्या घासाला, जेवण लांबलं तर काही मध्ये. रिकाम्या पोटी घेतल्या तर पचवायला तिथे काहीच नसतं, त्या वाया जातात. डोस पुरेसा आहे का ते पण डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि किमो झेपतच नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, डोस कमी करता येतो, एखादं औषध वगळता येतं, सायकल आठवडाभर पुढे नेता येते. ते ठरवू देत, आपण परस्पर नाही. ३८ अंश सेल्सिअसच्या (फॅरेनहाइटमध्ये १००.४) वर ताप गेला तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

आता ती शेवटची ओळ. तू विचारलं नव्हतंस, पण मला ती टोचतेय. बाबांना माहीत नाही. ६३ वर्षांचा माणूस दर दोन आठवड्यांनी दोन दिवस पंप लावून घरात फिरतोय, केस गळतायत, आणि त्याला काही कळत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? मला वाटतं बाबांना सगळं माहीत आहे आणि ते तुम्हाला जपतायत. ते जाऊ दे, माझा अंदाज चुकेल. पण कुठलीही खरी ट्रायल, सायलेन्सिंगची असो वा गोळीची, बाबांच्या सहीशिवाय होत नाही. त्यांना आजाराचं नाव सांगून, धोके समजावून, मग त्यांची सही, तुझी किंवा दादाची चालत नाही. म्हणजे ज्या नव्या उपचारासाठी तुम्ही दोघं रात्र रात्र जागताय त्याच्या दारावर पहिली पाटी हीच आहे. क्लिनिकने ती पाटी दाखवली नाही, यावरूनच काय ते समज.

कसं सांगायचं म्हणशील तर सगळं एका दमात सांगू नकोस. 'बाबा, डॉक्टर काय म्हणतात ते तुम्हाला किती ऐकायचंय?' एवढं विचार आणि थांब. ते म्हणाले 'काही नको, तुम्ही बघा', तर ते पण उत्तरच आहे. म्हणाले 'सांग', तर पुढच्या अपॉइंटमेंटला त्यांना केबिनच्या बाहेर बसवू नका.

दादाशी भांडू नकोस, तो पण घाबरलाय, त्याला काहीतरी करायचंय. त्याला कामाला लाव: बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे तपासायला काढलेला तुकडा, कुठल्या लॅबमध्ये ठेवलाय ते शोधायचं, केआरएएसच्या रिपोर्टची स्वच्छ कॉपी काढायची, बीआरसीएचं विचारायचं, जवळपास कुठे रासची ट्रायल चालू आहे ते रजिस्ट्रीत बघायचं. आणि कॅप्सूल आज रात्रीच्या जेवणापासूनच पहिल्या घासाला, त्यासाठी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची गरज नाही.